शिक्षण विचारत नाहीत

मोबाइलवर मॅडमचं नाव आलं की मी आधी पेन उचलायचे, मग फोन. मॅडम खुशाली विचारायला फोन करत नसत, माझी चूक सांगायला करत. त्या मंगळवारीही मी पेन घेऊनच म्हटलं, "बोला मॅडम, कुठली नोंद?" पलीकडून त्यांची सून मेघा म्हणाली, "ताई, आई पहाटे गेल्या. झोपेतच." त्याला आज पाच आठवडे झाले.

सरोजमॅडम सरकारी कचेरीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या. येरवड्यात राहायच्या आणि आमच्या छोट्या संस्थेत एक रुपया न घेता यायच्या. दुकानं, खानावळी, दवाखाने यांना माणसं हवी असली की ते आम्हाला कळवतात. आम्ही ती नोंद संगणकात भरतो, आणि मॅडमनी लिहिलेला प्रोग्रॅम त्या नोंदींतून वेगवेगळ्या फीड तयार करतो. फीड म्हणजे नव्या नोंदींची यादी, ज्यांना हवी त्यांच्याकडे आपोआप जाऊन पडणारी. अभ्यासिकांना पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांची, बचत गटांना त्यांच्या भागातल्या कामांची. "पोतं एकच, चाळण्या वेगळ्या," मॅडम म्हणायच्या. पोतं भरण्याचं काम माझं. मी किनवटकडची. लग्न झाल्यावर पुण्यात आले, नवरा मार्केट यार्डात टेम्पो चालवतो. झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग शिकले, हात भरभर चालतो म्हणून इथे घेतलं. अर्जातला ‘शिक्षण’ हा रकाना मात्र मी रिकामा सोडला होता. कुणी विचारलं नाही, पण आज विचारतील, उद्या विचारतील, आणि मग घरी बसवतील, या विचाराने मॅडम मागून नुसत्या चालत गेल्या तरी माझं टायपिंग चुकायचं.

तिसऱ्या महिन्यात बुधवार पेठेतल्या एका खानावळवाल्यांचा फोन आला. त्यांना पोळ्या लाटायला बाई हवी होती. "आठ दिवस झाले, एक माणूस फिरकलं नाही," ते म्हणाले. "जाहिरात लावलीत कुठे, कपाटाच्या आत?" मॅडमनी शोधलं. नोंद होती, पण एकाही फीडमध्ये नव्हती. मग त्यांनी तशा आणखी शोधल्या. चाळीसेक निघाल्या, सगळ्या माझ्या हातच्या. मालक म्हणाला ‘शिक्षणाचं काही नाही’, की मी तो रकाना मोकळा ठेवायचे. चाळण्या विचारणार दहावी का, बारावी का, पदवी का... रिकामा रकाना कशालाच हो म्हणत नव्हता, म्हणून ती नोंद कुठेच जात नव्हती. ज्यांची शाळा सुटली त्यांच्याच कामाची खबर तेवढी अडकून पडत होती, आणि अडकवणारी मी होते.

"रिकामं का सोडलंस गं?"

"काही नव्हतं मॅडम, म्हणून."

"काही लागत नाही, हे आपल्याला माहीत होतं. रिकामं म्हणजे आपल्याला माहीतच नाही. मशीन म्हणजे आमच्या कचेरीतला कारकून. माहीत नाही ते बाजूला सारतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या अर्जातही रिकामंच आहे. मला वाटलं पीएच.डी. असशील, सांगायला लाजत असशील."

"आठवी," मी म्हटलं. "तीही अर्धीच."

"बरं. आता माहीत झालं," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते एवढ्यात संपलं...

रिकाम्या रकान्यांत ‘लागत नाही’ असं भरून त्या नोंदींसाठी नवी चाळणी करायची ठरली. संस्थेच्या एका विश्वस्तांनी तिला ‘अल्पशिक्षितांसाठी’ असं नाव सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "बसमध्ये शेजारी माणूस बसलेला असताना हे नाव फोनवर कोण उघडेल? संगीता, तू सांग." कुठेतरी कामाची चौकशी करून आलेली बाई घरी जे सांगते तेच माझ्या तोंडून निघालं, "शिक्षण विचारत नाहीत." मॅडमनी एक अक्षर न बदलता तेच ठेवलं, आणि प्रोग्रॅममधली त्या चाळणीची ओळ माझ्याकडून लिहून घेतली. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सगळ्याच्या सगळ्या नोंदी पडद्यावर आल्या. चार दिवसांनी खानावळवाले पुन्हा फोनवर, "बाई मिळाली. आता ती जाहिरात काढा, पोळ्या करू का फोन घेऊ?"

पुढे पाच वर्षं मॅडमनी मला एकेक करत सगळ्या चाळण्या शिकवल्या. गुडघे दुखायला लागल्यावर त्या घरूनच फीड वाचायच्या आणि फोन करायच्या. त्या गेल्यावर मला एकच धास्ती लागली. आता माझ्या हातून एखादी नोंद अडकली तर सांगणार कोण?

मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गर्दी होती, बोलणं झालं नाही, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा येरवड्याला गेले. खिडकीजवळच्या टेबलावर मॅडमचा संगणक. मेघाने विचारलं, "हा बंद करून टाकू का? आईंच्या याद्या अजून रोज येऊन पडतायत." मी खुर्चीत बसले. डाव्या हाताला आमच्या फीड ओळीने लावलेल्या, सगळ्यांत वर ‘शिक्षण विचारत नाहीत’. वाचत गेले. तिसरी नोंद आजारी माणसाची देखभाल करायला बाई हवी अशी, आणि फोन नंबरात नऊच आकडे. ती नोंद मी भरली होती. तिथूनच ऑफिसात नुकत्याच लागलेल्या मुलीला फोन लावला. म्हटलं, "एक आकडा राहिलाय, माझ्याकडून राहिलाय. फाईल काढ आणि भर." ती म्हणाली, "बरं झालं बोललात. कालपासून तो नंबर लागत नाही, मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं."

मेघाला म्हटलं, "बंद करू नका. मी शनिवारी येत जाईन वाचायला."

"या. फक्त चष्मा घेऊन या," ती म्हणाली. "आई त्यांचा हटकून हरवायच्या, मग सगळ्या नोंदी मलाच मोठ्याने वाचून दाखवायला लागायच्या."

माझा चष्मा असतो पर्समध्ये. पण मी काढत नाही. शनिवारी दुपारी मेघा चहा ठेवून येते आणि एकेक नोंद मोठ्याने वाचते, पत्त्यासकट, फोनच्या दहा आकड्यांसकट. मी डोळे मिटून ऐकते. कुठे काही राहिलं असलं की ती आपोआप थांबते.