खंडोबाच्या पेटीचं कुलूप आणि माझी छत्रीची काडी

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बरं? कुलपावर, किल्लीवर, की किल्ली कमरेला खोवून फिरणाऱ्या माणसावर? घाई नको, आधी चहा घ्या. मी सारा जन्म कुलपं विकली, तरी ह्याचं उत्तर मला दुकानात सापडलं नाही. ते सापडलं भर जत्रेत, चारचौघांत तोंड पिवळं करून घेतल्यावर. लोकांची तोंडं काळी होतात, माझं पिवळं झालं. का, ते येईलच पुढं.

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. सेनगावात माझं दुकान. शाळा तिसरीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. मीठ-मिरची, दोर, कंदिलाच्या काचा आणि अलिगडी कुलपं! एकदा हिंगोलीच्या टेशनावर कुलपांची पेटी उतरली आणि बैलगाडीतनं सेनगावात येईपर्यंत आतल्या किल्ल्यांचे दोरे तुटून सगळा काला झाला. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, काही पत्ता नाही. बसलो मांडी घालून जोड्या लावत. सगळ्यांची लग्नं लागली, एक कुलूप मात्र बिनकिल्लीचं राहिलं.

आता व्यापारी माणूस ते फेकून देईल का? मोडक्या छत्रीची काडी घेतली, टोक कानशीनं घासलं, जरा वाकवलं आणि घातली आत. इकडं चाचप, तिकडं चाचप, आतली पट्टी उचल. आणि काय सांगावं महाराज, खट्! कडी टुणकन वर!

तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला ह्यातलं सुख कळायचं नाही. कुणाला तमाशाचा नाद, कुणाला पत्त्यांचा, मला त्या 'खट्'चा नाद लागला. दुकानातली सगळी कुलपं उघडून झाली. मग घरातली. फराळाच्या फडताळाला आमच्या हिचं कुलूप असायचं. मी रोज ते उघडायचो, दोन करंज्या खायचो आणि पुन्हा लावून ठेवायचो. ही बिचारी मांजराच्या नावानं बोटं मोडायची. शेवटी एक दिवस कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"अवो, मांजर कुलूप उघडून पुन्यांदा लावून जातंय व्हय?"

"हुशार असंल."

"हुशार हाय, पन त्याच्या मिशीला खोबऱ्याचा कीस लागून राह्यलाय!"

इथंच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण हुन्नर अंगात आला की तो दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांच्या ट्रंकेची किल्ली हरवली. मी आपण होऊन गेलो आणि त्यांचं पान लावून व्हायच्या आत ट्रंक उघडून दिली. साहेब खूश!

"वाह शेटजी! किधर सीखे ये फन?"

"शौक आहे साहेब, नुसता शौक."

"अच्छा शौक है." साहेबांनी पान गालात सरकवलं आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "दिन में करते, के रात में भी करते?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एक जवान माझ्या घरावरून उगीच चकरा मारायला लागला.

मग बघा कसं वाढत गेलं! शेजारच्या बाईची कोंबडी हरवली, ती माझ्या दाराशी येऊन खाकरून गेली. अहो, आम्ही कांदासुद्धा विचार करून खाणारे लोक! आणि कोंबडीला कुलूप असतं का? पण ऐकतो कोण? मी कुणाच्या घरी बसायला गेलो की बायका फडताळाला पाठ लावून उभ्या राहायच्या. एक म्हातारी कुलूप घ्यायला आली. सगळी कुलपं उलटीपालटी केली आणि म्हणाली, "आप्पा, आसं द्या जे तुमाला उघडत न्हाई."

आता शहाणा व्यापारी काय म्हणेल? पण मी मिशीवर ताव देऊन म्हणालो, "मावशे, तसं कुलूप आजून घडलं न्हाई!"

मावशीनं पिशवी उचलली आणि कळमनुरीच्या बाजाराचा रस्ता धरला. तिच्या मागोमाग बाकीची गिऱ्हाइकं. हिनं मला ऐकवलं, "लोक भाव चढा म्हनतेत, त्ये सोसंल. पन हातच वाईट म्हनाय लागले तर दुकानात माशी यायची न्हाई. तुमचं नाव धुऊन काढा आधी!"

नाव धुवायचं कसं? मनात आलं, ह्याच हुन्नरानं चारचौघांत एखादं पुण्याचं काम करून दाखवावं. लोक म्हणतील, बघा, आप्पा उघडतो ते भल्यासाठी. आणि तशी संधी चालून आली हो, अगदी ढोल वाजवत आली!

साखऱ्याकडं एका खेड्यात खंडोबाची जत्रा भरायची. भंडारा, खोबरं आणि थोडी कुलपं घेऊन मी तिथं पाल ठोकलं होतं. ह्या देवाचा चांदीचा मुखवटा वर्षभर लाकडी पेटीत असायचा. पेटीला कुलूप, आणि किल्लीचा मान गावच्या आबा पाटलांच्या घराण्याला. रिवाज असा कडक की त्या कुलपाला आबांशिवाय दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा लागू नये. गुरव पेटीला गंध लावायचा तोसुद्धा कुलूप चुकवून. आबांनी यायचं, करगोट्याची किल्ली काढायची, कुलूप उघडायचं, मग मुखवटा पालखीत बसायचा आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत पालखी हलायची.

त्या वर्षी आबा लेकीला आणायला कळमनुरीला गेलेले. यायचे होते सकाळी, पण गाडीचं चाक वाटेत निखळलं असं कुणीतरी सांगत आलं. ऊन तापलं, हलगीवाले वाजवून वाजवून थकले, रिकामी पालखी खांद्यावर घेऊन भोई घामाघूम.

माझी कळी खुलली. गेलो पुढं. "म्या उघडू का?"

गुरवानं कानांवर हात ठेवले. "आप्पा, आवो, कुलपाला आबाबिगर कुनाचं बोट लागत न्हाई!"

"बोट कशाला लावतो? काडी लावतो!"

झाली चर्चा सुरू. एक म्हणे बाटतं, दुसरा म्हणे काडीला कसला विटाळ? तिसऱ्यानं डोक्यावर येऊ घातलेल्या सूर्याकडं बोट दाखवलं, तेव्हा वाद मिटला. ठरलं असं की मी फक्त काडी घालायची, कुलपाला हात लावायचा नाही. गुरवानं ओल्या धोतराचा सोगा हातावर घेतला आणि कुलूप खालून गच्च वर दाबून धरलं, हलू नये म्हणून.

आता सांगा, दुकान बंद केल्यावर आपलं कुलूप मी ओढून ओढून बघतो. पण इथं ओढायची सोयच नव्हती! ओढलं असतं तर... असो, मागाहून सांगतो.

काडी घातली. जुनं कुलूप, आत गंज. पट्टी चाचपली, उचलली, जीभ ढकलली. आणि खट्! काय खणखणीत खट् म्हणून सांगू!

"उघडलं!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" हलगी कडाडली. भंडाऱ्याच्या मुठीच्या मुठी माझ्यावर उधळल्या. डोळ्यांत भंडारा, कानांत भंडारा, मिशीतही भंडारा. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मला वाटलं, धुतलं गेलं नाव! उद्या ती कोंबडीवालीसुद्धा पाया पडायला येईल!

"आता कडी तुमीच काढा आप्पा," गुरव म्हणाला. "काडी लागलीच हाय, आता हात लागला तर काय व्हतंय?"

मी ऐटीत खाली उतरलो आणि कडी ओढली. येईना. जरा हिसका दिला. येईना. हसत हसत दोन्ही हातांनी लोंबकळलो. पेटी माझ्यासकट पुढं सरकली, कडी जागची हलेना.

हलगी बंद पडली.

"गंज आहे," मी म्हणालो आणि पुन्हा काडी घातली. ह्या खेपेला पट्टीच सापडेना. घाम आणि भंडारा मिळून माझं तोंड लोणच्याच्या फोडीसारखं झालं असणार. जोर केला, आणि कट्! हा आवाज वेगळा होता. अर्धी काडी माझ्या हातात आणि अर्धी कुलपाच्या पोटात.

मागून एकजण म्हणाला, "आप्पा, देवाला तोंड कसं दाखवशान?"

"देवाचंच तोंड पेटीत अडकून पडलंय की!" दुसरा बोलला, आणि जी हशा-टाळ्यांची दंगल उसळली! त्यात ती कुलूपवाली मावशी लोकांना ढकलत पुढं आली. "हेच! हेच कुलूप पायजे म्हनत व्हते मी! कुटं भेटतंय हे?"

तेवढ्यात ओरड झाली, "आबा आले, आबा आले!" आबा पायीच आले होते, धुळीनं माखलेले. गर्दी दुभंगली. आबांनी भोकात अडकलेली काडी बघितली आणि मला वाटलं, आता काठी पाठीत बसते. पण त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता हो, पांढरा पडला होता! माझं मनगट धरून त्यांनी मला देवळामागं नेलं.

"काय केलंस लेका?"

"कुलूप उघडत होतो आबा."

"उघडत व्हतास?" आबा दात खाऊन कुजबुजले, "आरं, त्ये उघडंच व्हतं!"

"आं?"

"किल्ली हरवून लई वर्सं झाली. हिरीत पोहताना पडली. गावाला कळलं आसतं तर घराण्याचा मान गेला आसता. म्हून कुलूप नुसतं आडकवून ठिवत व्हतो, कडी दाबून. हात लावायची कुनाची छाती हाय? जत्रंला यायचं, घरच्या कोठीची किल्ली भोकात घालून वळवल्यावानी करायचं, आन् कडी वढायची. आजवर कुनाला पत्ता न्हाई. आन् तू मुडद्या, त्ये लावून ठिवलंस!"

मी हातातल्या अर्ध्या काडीकडं बघितलं. म्हणजे ते माझं खणखणीत 'खट्' उघडण्याचं नव्हतंच! गुरवानं कुलूप कडीवर दाबून धरलं आणि मी जीभ आत सारली. अख्ख्या मुलखात न लावलेलं एकच कुलूप होतं, ते मी हलगी वाजवून लावलं!

"आता कसं करायचं आबा? माझं नाव तर गेलंच."

"तुझं जाऊ दे. माजं गेलं तर सात पिढ्यांचं जाईल." आबांनी डोळे मिटले, नाक चिमटीत धरलं. मग डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत असली काही चमक होती की मी व्यापारी असून मनातल्या मनात हात जोडले.

ते तडक पेटीसमोर गेले. "मंडळी! ह्या कुलपाला परकी काडी लागली. बाटलं कुलूप! माज्या घराण्याची पवित्र किल्ली आता मी त्यात घालनार न्हाई. पाहिलंत ना? मानकऱ्याबिगर देव उघडत न्हाई! आप्पासारखा उस्ताद, अमीनसाहेबाची ट्रंक उघडनारा, पन देवानं त्याची काडी मोडून हातात दिली!"

"येळकोट येळकोट!" लोक गहिवरले.

"कुलूप फोडा, आन् हिरीत टाका. दंड म्हून आप्पा नवं कुलूप देईल. दुकानातलं सगळ्यांत भारी. किल्लीसकट!"

गाड्या दुरुस्त करायला आलेल्या लोहाराचा घण आणला. दोन घावांत कुलूप तुटलं. मुखवटा पालखीत बसला, सूर्य जरा कलला होता, पण पालखी हलली. मी पालातलं सगळ्यांत मोठं अलिगडी कुलूप आबांच्या हातावर ठेवलं. त्यांनी किल्ली करगोट्याला अडकवली आणि असा सुस्कारा सोडला म्हणता! वर्षानुवर्षांचं ओझं माझ्या खर्चानं उतरलं होतं.

आणि माझं नाव? आता हसू नका. ते चक्क धुतलं गेलं! आप्पाला काही उघडता येत नाही, अमीनसाहेबाची ट्रंक नुसती चिकटली असेल, असं गावोगाव झालं. जवानाच्या चकरा बंद झाल्या. अमीनसाहेब दुकानात येऊन पोट धरून हसले, "सुना, तुमसे खुलाच नै!" बायका फडताळापासून दूर उभ्या राहायला लागल्या. गिऱ्हाइकं परत आली, मावशीसुद्धा. लोकांचं नाव कर्तबगारीनं निघतं, माझं नालायकीनं निघालं. चोरीच्या परीक्षेत सगळ्यांदेखत नापास झालो, म्हणून मी साव!

जत्रेनंतर आबा दुकानात आले आणि कुलपाची दुसरी किल्ली माझ्यापुढं सरकवली. "ही तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

माझा ऊर भरून आला. "आबा, माझ्यावर एवढा भरवसा?"

"मग! किल्ली दिल्याबिगर तुज्यानं काई उघडत न्हाई, हे समद्या मुलखानं पाह्यलंय."

आबा आता नाहीत. जाताना म्हणून गेले, "माज्या मागं सांग लेका, लोकाला हसू दे." म्हणून सांगितलं. तुम्हीही खुशाल सांगा. पण माझ्याकडं बघून हिशेब झुकवू नका हं, खरा ठेवा. फडताळाच्या करंज्या माझ्या नावे लिहा, काही म्हणणं नाही. अमीनसाहेबांची ट्रंक जमेला धरा. आणि खर्चाच्या बाजूला, ठळक अक्षरांत, खाडाखोड न करता लिहा: उघडं कुलूप, एक, आप्पांनी मोठ्या मेहनतीनं लावलं.