उद्याची पोट्टी आणि माझं रशियन

मला रशियन येत नाही, ही गोष्ट आमच्या घरात फक्त दोघांना माहीत होती. मला आणि माझ्या बायकोला. त्यातली बायको ऐन वेळी विसरली!

झालं असं, की आमच्या अमोलसाठी वडनेरचं स्थळ आलं. मुलगी डॉक्टर, नाव प्रज्ञा, आणि डॉक्टरकी शिकलेली थेट रशियात. अमोल कृषी सहायक. सोयाबीनवर फवारणी कशी करावी हे शेतकऱ्यांना दाखवताना त्याने औषध स्वतःच्याच डोळ्यांत उडवून घेतलं होतं, तेव्हा हिंगणघाटच्या दवाखान्यात ही भेटली. डोळे बरे झाले तरी तो तपासायला जातच राहिला. थोडक्यात, पोरगं कामातून गेलं होतं. हे लग्न जमलं नसतं तर त्याने पुन्हा डोळ्यांत औषध घातलं असतं.

मुलीचे वडील मास्तर, तोलूनमापून बोलणारे. त्यांनी फोनवर सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं, "आमची पोरगी बाहेरच्या देशात राह्यलेली आहे जी. तुमच्या घरचं वातावरण कसं आहे?"

"आमच्या घरचं?" सुनंदा म्हणाली. "आमचे हे तर लहानपणापासून रशियन पुस्तकं वाचतात!"

यात खोटं काहीच नव्हतं. मी शाळेत असताना देवळीच्या बसस्टँडवर पुस्तकांची गाडी यायची. तिच्यात रशियन पुस्तकं मिळत. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, आणि किंमत आलूबोंड्याएवढी. पण सगळी मराठीत! माझं लाडकं पुस्तक होतं भविष्यकाळातल्या एका मुलीचं. तिचं नाव काही आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही पोरं तिला ‘उद्याची पोट्टी’ म्हणायचो. ती यानात बसून ग्रहाग्रहांवर हिंडायची, सहा पायांच्या जनावरांशी गप्पा मारायची आणि मोठ्या माणसांना अजिबात भ्यायची नाही. चौथीत असताना मला तिच्याशी लग्न करायचं होतं. (सुनंदाला हे ठाऊक आहे. ती म्हणते, त्या पोट्टीचं नशीब चांगलं.)

"मराठीत वाचतात म्हणून काऊन नाई सांगतलं तू?" मी ओरडलो.

"त्यायनं विचारलं कुठी?" सुनंदा शांतपणे म्हणाली. "अन् आता अमोललेही काही सांगू नका. त्याले वाटते, आपला बाप रशियन जाणते. लग्नापर्यंत वाटू द्या."

रविवारी पाहुणे आले. मास्तर, त्यांची बहीण म्हणजे मुलीची आत्या, आणि प्रज्ञा. जय भीम झाला, पाणी झालं, गोरसपाक बिस्किटांची बशी फिरली. मुलगी साधी, पण डोळ्यांत खोडी. मी हवापाण्यावर बोलत राहिलो. तेवढ्यात आत्या म्हणाली, "प्रज्ञा, काकायशी रशियनमधी बोल न वं! आमाले ऐकू तर दे."

प्रज्ञा माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. तोंडात फुटाणे भरून नमस्कार करावा तसं ऐकू आलं. माझ्या पोतडीत या भाषेचा एकच शब्द होता, तो मी काढला.

"स्पुतनिक!" मी मान लववून म्हणालो.

प्रज्ञाने खाली मान घालून तोंडाला रुमाल लावला. आत्या खूश! "पाहा, पोट्टी लाजली!"

यापुढे संभाषण झालं तर माझं काही खरं नव्हतं. पण मी तयारीत होतो. उद्याच्या पोट्टीवर रशियात फार पूर्वी टीव्हीची मालिका झाली होती आणि अलीकडे एक मोठा सिनेमाही निघाला. जुनी मालिका मी मोबाइलवर चोरून पाहून ठेवली होती. सगळी पुस्तकाबरहुकूम! ती टीव्हीवर लावायची, म्हणजे बोलणं टळलं. कुणी अर्थ विचारलाच, तर गोष्ट मला तोंडपाठ. कुठे चुकायला जागाच नव्हती.

जागा अमोलने केली. एका लहान पोरीची गोष्ट दाखवतो, असं पाहुण्यांना सांगून मी त्याला मालिका लावायला सांगितलं. त्याला वाटलं, डॉक्टर मुलीसमोर असलं जुनाट काय लावायचं? त्याने नवा सिनेमा लावला! आणि वर अभिमानाने म्हणाला, "बाबा, आत्यायले अर्थ सांगत जा न."

तो सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता. पडद्यावर एक मुलगी आली. माझी पोट्टी खरचटलेल्या गुडघ्यांची, नाक पुसत फिरणारी. ही उंच, चकचकीत, शाम्पूच्या जाहिरातीतून उठून आल्यासारखी.

"तुम्ही तर लहान पोरगी म्हणत होते?" आत्या म्हणाली.

"मोठी झाली," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग एक दाढीवाला आला. पुस्तकात पोट्टीच्या वडिलांना दाढी होती. मी निर्धास्तपणे सांगितलं, "हे तिचे वडील. लय प्रेमळ माणूस."

प्रेमळ माणसाने तिला धरलं, लोखंडी पिंजऱ्यात कोंबलं आणि कुलूप लावलं.

"बाप असा काऊन करून राह्यला जी?" आत्या घाबरली.

"शिस्त!" मी म्हणालो. "रशियात शिस्त लय."

मास्तरांनी पसंतीने मान हलवली. ती हलत असतानाच बापाने पिंजरा उडत्या यानातून खाली लोटून दिला. मास्तरांची मान थांबली.

"सावत्र आहे," मी घाईने म्हणालो. आत्याने डोळ्यांना पदर लावला.

पुढे एक यंत्रमानव आला आणि भाषणच ठोकायला लागला. संपता संपेना. संपल्यावर मी सांगितलं, "तो म्हणते, हो." त्यावर पोट्टी एकच शब्द बोलली. इथे कसर भरून काढावी म्हणून मी म्हणालो, "ती म्हणते, बाबा सावत्र असले तरी माह्या मनात राग नाई. मी शिकीन, मोठी होईन, अन् समाजाचं नाव काढीन."

"एका शब्दात?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रशियन भाषा लय दाट आहे जी."

मास्तर हळूच मुलीकडे वळले. "होय का वं, प्रज्ञा?"

सुनंदा रिकाम्या बशीला फडका मारत बसली. अमोल प्रज्ञाकडे अशा नजरेने पाहत होता, की मला त्या क्षणी स्वतःची खरोखर लाज वाटली. माझ्या फुशारकीपायी पोराचं लग्न मोडणार होतं.

"हाओ बाबा," प्रज्ञा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लयच दाट."

सावत्र मुलीचे हाल पाहून डॉक्टरीणबाईंना भरून आलं, असं सगळ्यांना वाटलं.

शेवटी पडद्यावर धडाधड स्फोट व्हायला लागले. मग मी टीव्हीकडे बघणंच सोडलं आणि पुस्तकातला शेवट सांगून टाकला. ती आपल्या काळात परत निघते. मित्र विचारतात, परत कधी येशील? ती म्हणते, मी नाही येणार, तुम्हीच या. रोज एकेक दिवस चालत या, मी उद्यातच राहते. बोलता बोलता मी बाहीने डोळे पुसले. चौथीतही नेमके इथेच पुसायचो.

तोवर पडद्यावर नावं सरकायला लागली होती. "आता हे काय लिहून येऊन राह्यलं?" आत्याने नाक पुसत विचारलं.

"तिच्या नातेवाइकायचे नावं."

"बापा बापा! एवढे नातेवाईक, अन् पोरगी पिंजऱ्यात!"

निघताना प्रज्ञा पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, तो दाढीवाला चोर होता."

मी मास्तरांकडे चोरून पाहिलं. "मंग तू सांगतलं काऊन नाई?"

"तुमची गोष्ट चांगली होती. सिनेमात ती शेवटी घरी जातच नाई."

होकार आला. (मास्तर फोनवर म्हणाले, तुमचे शिस्तीबद्दलचे विचार आवडले.) अमोल हवेत होता, आणि मीही सुटलो म्हणून गोरसपाकाचा अख्खा डबा वाटला. मग लग्नाच्या तोंडावर प्रज्ञाचा फोन आला. "बाबा, माझी रशियातली रूममेट लग्नाले येऊन राह्यली. मी तर मेंदीत अडकली राहीन. तिच्याशी बोलायले तुमच्याशिवाय आपल्यात आहे कोण?" मागे अमोल खो-खो हसत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं!

नाही म्हणायची सोय नव्हती. सुनंदाने अर्ध्या देवळीला सांगून ठेवलं होतं. मी मोबाइलवर रशियन शिकायला घेतलं. शिकवणी अशी, की लग्नाचा आठवडा उजाडला तरी मला एकच वाक्य धड येत होतं, ‘आजी स्वयंपाकघरात आहे.’ तेच नीट घोटलं. सूर आदराचा ठेवला की झालं, असा माझा हिशोब.

सेवाग्राम स्टेशनवर आम्ही सगळे हार घेऊन उभे. गाडीतून सोनेरी केसांची मुलगी उतरली. मी पुढे झालो, हात जोडले आणि साऱ्या सोयऱ्यांसमोर खणखणीत रशियनमध्ये तिला सांगितलं, की आजी स्वयंपाकघरात आहे.

प्रज्ञाबरोबर सगळं शिक्षण एका खोलीत काढलेली ती मुलगी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग हात जोडून गोड आवाजात म्हणाली,

"काका, मराठीत बोला न जी. तुमचं रशियन मले नाई समजत."