मिरचीचे मायबाप

लग्नात ज्वारीच्या अक्षता हातात आल्या की आमचे डॉक्टर त्यातला एक दाणा आधी दाताखाली धरत. कट्ट आवाज आला तर बाकीच्या नवरानवरीवर टाकत. नाही आला तर शेजाऱ्याच्या कानाशी लागत, "ओल हे अजून."

धंदा असा अंगात मुरलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते संशोधक होते. डॉक्टरकी पीएचडीची, तरी त्यांच्या टेंभुर्णीचे गाववाले ताप आला की त्यांनाच फोन करत आणि हे बापडे पाणी उकळून प्यायला सांगत.

पुढे कंपनीने संशोधनाचा खर्च कमी केला आणि त्यांना वरच्या मजल्यावर आमच्यात, सोशल मीडियाच्या खोलीत पाठवलं. शेतात ते बोलणार, मी मोबाईल धरणार. पहिल्या व्हिडिओत नमस्कार करून ते गप्पच उभे राहिले. समोरून उलट नमस्कार आल्याशिवाय पुढे कसं बोलायचं, असं त्यांना झालं होतं. हळूहळू जमलं. बांधाबांधावर लोक त्यांना ओळखू लागले.

त्यांना दुसरीकडे नोकरी सहज मिळाली असती. पण जीव अडकला होता मिरचीत. उमेदीची सगळी वर्षं घालून त्यांनी एक संकरित मिरची घडवली होती, ती अजून बाजारात आली नव्हती. अशी मिरची दोन वाणांपासून होते. त्यांना ते मायबाप म्हणत. ते दोन वाण मेले की मिरची गेली. कंपनीच्या साहेबांनी शब्द दिला होता, आधी पेज चालू द्या, मग तुमची मिरची आणू. मला ती थाप वाटली होती.

कोल्ड स्टोरेजमध्ये जागा कमी पडली तेव्हा मायबापाच्या होत्या तेवढ्या दोन पुड्या डॉक्टरांनी वर आणून आपल्या टेबलाच्या खणात ठेवल्या. नजरेसमोर राहतील म्हणाले. जुनं होण्याआधी ते बी शेतात लावून त्याचं नवं बी धरावं लागतं. पण ऐन हंगामातच आमच्या रीलची घाई. "एवढा हंगाम निघू दे, मंग लावतो," असं दर वर्षी चालायचं. खोली पत्र्याखाली, सुट्टीला एसी बंद, आणि मे महिना जालन्याचा. उष्णतेने बी मरतं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण घरच्या दुखण्याकडे डॉक्टरचंच लक्ष नसतं.

साहेबांनी शब्द पाळला. डॉक्टरांनी ऑफिसभर पेढे वाटले आणि खणातलं बी ओल्या कागदात गुंडाळून उगवायला ठेवलं. मिरची उगवायला वेळ घेते, असं मला समजावत रोज पाणी शिंपडलं. मुदत संपली तरी शिंपडत राहिले. शेवटी एका सकाळी त्यांनी कागद माझ्यासमोर उलगडला. एकही कोंब नव्हता.

"मीच मारले रे," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी न्हाई."

त्या दुपारी कंपनीच्या दुसऱ्या एका मिरचीचं शूटिंग होतं. उद्यावर टाकू, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले, तोंड धुऊन आले आणि पाकीट हातात धरून इतकं छान हसत बोलले की मला बघवेना. महिन्याभरात नोकरी सोडून गावी गेले. आता फोनही उचलत नाहीत. मला त्यांची फार आठवण येते.

ती रील अजून चालते. खाली एका शेतकऱ्याने लिहिलंय, "सर आज लई खुशीत दिसून राह्यले." लोकांना उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आहे. त्याला अजून दिलेलं नाही.