चाळीतली सगळ्यात स्वच्छ मुलगी

गॅलरीतून चालताना ती दोन्ही कोपरं अंगाशी आवळून घ्यायची आणि हात छातीशी वर धरायची. कठड्याला, दाराला, दोरीवरच्या कपड्यांना, कशालाच लागायचं नाही. समोरून कुणी आलंच, तर चार पावलं पुढे जाऊन वळायची. "मावशी, लागले का हो मी तुम्हाला?" मी नाही म्हटलं की, "नक्की ना?" तिसऱ्यांदा विचारलं की मी वैतागायचे. "अगं बाई, तू मला लागली नाहीस, मीही तुला लागले नाही. जा आता." मग ती ओशाळून हसायची आणि जायची.

लालबागच्या आमच्या चाळीत तिचं कोण कौतुक. आया आपापल्या मुलींना तिचा दाखला द्यायच्या. गणपतीत नैवेद्याचं ताट वाढायचा मान तिचा, कारण इतकं सोवळं पाळणारी दुसरी होती कोण? तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी असेल. तुम्हीही तिच्याबद्दल चांगलंच बोलला असाल. बोलायला आपलं काय जातं.

मी घरी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. बी.कॉम. झाल्यावर तिने एका ऑफिसात नोकरी धरली आणि थोड्याच महिन्यांत सोडली. का सोडली, ते कुणी विचारलं नाही. घरीच असते म्हणून मी तिला मदतीला बोलावलं. मोदक असा सुबक वळायची की बघत राहावं. पण एक मोदक झाला की उठून मोरीवर. दुसरा झाला की परत मोरी. हातांची सालं निघालेली, बोटांच्या पेरांवर भेगा. गरम उकड मळताना झोंबत असणार.

एकदा एका गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, आमच्याकडे काळजीच नको, या मुलीला स्वच्छतेची भारी आवड. गिऱ्हाईक गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आवड नाही हो मावशी. मला कधी स्वच्छ वाटतच नाही."

मग सगळं बाहेर आलं. हात नीट धुतले नाहीत तर आपल्यामुळे आईला काहीतरी होईल, असं तिच्या मनात यायचं. हे खोटं आहे हे तिला कळायचं, तरी यायचं. ऑफिसात बेसिनपासून हलताच येईना, म्हणून नोकरी सोडलेली. याला ओसीडी म्हणतात, हेही तिने मोबाइलवर वाचून शोधून काढलं होतं. आई ऐकून घेत नव्हती. "तुम्ही याल माझ्याबरोबर डॉक्टरकडे?" एवढंच तिने विचारलं.

आम्ही परळच्या एका दवाखान्यात जायला लागलो. गोळ्या सुरू झाल्या आणि त्याबरोबर एक अजब गृहपाठ. जिची किळस वाटते ती वस्तू हातात घ्यायची आणि हात न धुता बसून राहायचं. सुरुवात चपलेपासून. घरी शक्य नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे यायची. बाहेरची चप्पल मांडीवर घेऊन माझ्या कॉटवर बसायची, घामाने डबडबून. "काहीतरी बोला ना," म्हणायची. मी मटार सोलत चाळीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचे. हळूहळू तिला माझ्या गप्पा ऐकू यायला लागल्या, मध्येच हसूही यायला लागलं. एक दिवस तिचा फोन आला. नाक्यावर उभं राहून, हात न धुता, तिने वडापाव खाल्ला होता. मला रडूच आलं.

आणि तिथेच माशी शिंकली. पोरगी हल्ली पूर्वीसारखी राहिली नाही, अशी कुजबुज सुरू झाली. एका संकष्टीला आईने तिला माझ्या घरात चप्पल हातात घेऊन बसलेली पाहिलं. दारात उभी राहून मला म्हणाली, "माझ्या चेडवाक काय झालेला नाय. तुम्ही बिघडवलात तेका." मी समजावलं, मग भांडले, शेवटी हात जोडले. बाई वाईट नव्हती. नवऱ्यामागे एकटीने वाढवलेल्या मुलीचं कौतुक एवढीच तिची कमाई होती, आणि ती कमाईच आजार निघाली हे तिला कसं सोसावं? दवाखाना बंद झाला. पोरगी गोळ्या माझ्याकडे येऊन घेऊ लागली.

माझगावचं स्थळ आलं ते तिची कीर्ती ऐकूनच. आधी त्यांना खरं सांग, म्हणून ती आईच्या विनवण्या करत होती. आईने स्वतःची शपथ घातली. तरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिने मुलाला सगळं सांगितलं. मुलगा साधा होता. म्हणाला, "अगं, माझी आईपण अशीच आहे. तुमचं छान जमेल." हे मला सांगताना ती आधी हसली. मग म्हणाली, "मावशी, मी सांगितलं हो. कुणी ऐकलंच नाही."

लग्नानंतर फोनवर मी गोळ्यांचं विचारलं की "चालू आहेत" म्हणायची. पुढे फोन उचलेनाशी झाली.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी माझगावला गेले. सासूबाईंनी आगतस्वागत केलं. सून आंघोळीला गेली होती. चहा झाला, इकडचंतिकडचं झालं. स्वयंपाकघरात ती आता कुणालाही पाऊल टाकू देत नाही, नवऱ्यालासुद्धा बाहेरून आल्यावर दारातच कपडे बदलायला लावते, हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी गोळ्यांचं विचारलं. "निरोगी पोरीला कसल्या गोळ्या?" त्या म्हणाल्या.

आत पाणी वाहत होतं. मी न्हाणीच्या दाराशी जाऊन हाक मारली. नळ बंद झाला.

"मावशी, तुम्ही? थांबा हं, झालंच माझं," ती म्हणाली. आवाज बसला होता.

थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला. मी बसून राहिले. शेजारच्या दारात पणत्या लागल्या. मी परत हाक मारली तेव्हा आतून नुसतं रडू ऐकू आलं. मी दार ठोठावू लागले, तशा सासूबाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, "मध्येच हाक मारली की तिला सगळं पहिल्यापासून करावं लागतं."