चाळिसाव्या पानावरचा खुनी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नसेल, पण आयर्लंडमध्ये ॲथलोनला आमच्याकडे राहिले त्या पाच महिन्यांत त्यांनी जेवढे खुनी पकडले, तेवढे एखाद्या फौजदाराने अख्ख्या नोकरीत पकडले नसतील. हे सगळे खुनी आमिश वस्तीतले. अमेरिकेतले हे आमिश लोक वीज वापरत नाहीत, मोटारीऐवजी घोडागाडी हाकतात आणि मामांनी वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांवर विश्वास ठेवायचा तर गोधड्यांच्या प्रत्येक प्रदर्शनात एकाचा मुडदा पाडतात. रक्त मात्र कुठे दिसत नाही. प्रेत उचललं की सगळे कॉफी पिऊन पुन्हा गोधडी शिवायला बसतात. मामांना हे फार आवडायचं. संध्याकाळी ते घरातले दिवे मालवत फिरायचे आणि वर म्हणायचे, "त्या लोकांचं विजेवाचून काही अडून राहिलं का?" कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईवर त्यांचा कायमचा संशय होता, कारण कादंबरीत बेकरीवाले फार गोड बोलतात. ती बिचारी "यू आर ग्रँड, लव्ह" म्हणत त्यांना एक स्कोन जास्तीचा द्यायची आणि संशय आणखी वाढायचा.

मामांचा जन्म नागपूरच्या सरकारी कचेरीत गेलेला. शेरा मारल्याशिवाय कागद पुढे पाठवायचा नाही, ही सवय हाडात भिनलेली. त्यामुळे प्रत्येक कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर, समासात, पेन्सिलीने शेरा पडायचा: "खुनी – पाववाला. कारण, हात फार धुतो." खाली कुणालाही न लागणारी सही. "मामा, पुस्तक लायब्ररीचं आहे," मी कळवळून म्हणालो, तर ते शांतपणे म्हणाले, "मराठीत लिहून राहिलो ना जावईबापू! इथं कोण वाचते?"

जेवताना ते आम्हाला आमिशांच्या चालीरीती समजावून सांगत. "चुकलेला माणूस साऱ्या गावासमोर उभा राहते, चूक माझी म्हणते, अन् गाव त्याला पंगतीला घेते. झालं! नाही कबूल केलं, तर त्याच्याशी कोणी बोलत नाही." मी मान डोलवत फोन बघत होतो.

मग गणपती आले. इथल्या मराठी मंडळींची शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली, ताटं वाढली गेली आणि माझ्या मॅनेजरची पुण्याची बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लायब्ररीतल्या त्या आमिश मर्डर मिस्टरीजमध्ये कोणीतरी चक्क मराठीत खुन्याचं नाव लिहून ठेवतंय! कोण आहे हा प्राणी?" सगळे खो खो हसले. माझ्या शेजारी मामा ताट घेऊन उभे होते. त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला, घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मी म्हणालो, "असेल कोणीतरी अडाणी. येतात इथे आणि आपली लाज काढतात."

मामांनी तोंड मिटलं. मोदक तसाच राहिला.

पुढचे आठ दिवस ते रोज खोडरबर खिशात घालून वाचनालयात जायचे. परत आले की स्वेटरच्या बाह्यांवर रबराचा चुरा असायचा. मला एका शब्दाने बोलले नाहीत. विमानतळावर एवढंच म्हणाले, "येतो जावईबापू. दिवे मालवत जा."

याला दोन वर्षं झाली. गुडघ्यांमुळे मामांना आता एवढा प्रवास झेपत नाही. यंदाच्या गणपतीत त्याच हॉलमध्ये त्याच बाईंसमोर ताट घेऊन उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की तो शेरेवाला म्हणजे आमचे मामा, आणि अडाणी मी. बाई म्हणाल्या, "अय्या, मग तेव्हाच नाही का सांगायचं! ते शेरे होते तोवर मी आधी चाळिसावं पानच उघडायचे. दर वेळी चुकायचे हो ते!"

जेवण टाकून मी बाहेर पार्किंगमध्ये आलो आणि नागपूरला फोन लावला. मामा दर वेळी चुकायचे, ते सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली होती, हेही सांगितलं, आणि ते सांगताना मला माझीच लाज वाटली.

मामा मग म्हणाले, "लोकांसमोर बोलले ना? झालं मग. जेवले का?"