तांडा किती वाजता उघडतो

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की मोबाइलच्या नकाशात आपल्या शेजारच्या तांड्यावर बोट ठेवलं तर आजीचा फोन नंबर कसा येतो? मी तेव्हा "मोठी गोष्ट आहे" म्हणून टाळलं. खरं म्हणजे ती नीट सांगता येईल याची मला खात्री नव्हती. अजूनही नाही. पण आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लिहून काढते.

पुसेगावात आपल्या दारावर भाजी घेऊन येणारी बाई तुम्हाला आठवत असेल. धाकटीला मूठभर बोरं जास्तीची द्यायची, ती. ती तांड्यावरची. तिच्या सुनेला पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या, तेव्हा बोलावलेली रुग्णवाहिका त्याच नावाच्या दुसऱ्या तांड्यावर गेली, नरसीच्याही पलीकडे. सून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत झाली. बाळ राहिलं नाही.

सुनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा भाजीवाली उंबऱ्याशी टोपली टेकवून म्हणाली, "बाई, तुमी इंग्रजी शिकल्यात. मोबाइलच्या नकाशात आमचा तांडा घाला ना. डायवर म्हन्तेत, त्यात न्हाई तर आमी यावं कुटं?"

"अगं, मला फक्त व्हिडिओ कॉल उचलता येतो."

"मंग शिका. आता काय काम हाय तुमाला?"

हे खरंच होतं. रोज दुपारी वही घेऊन मी शिकवणीचे व्हिडिओ लावू लागले. शिकवणारा भराभर बोलायचा, मी थांबवून एकेक पायरी लिहून घ्यायची. निळ्या शाईने पायरी, लाल शाईने शंका. आठवडाभरात लाल पानं जास्त झाली. नकाशात नवी जागा कुणीही घालू शकतं, असं तो सांगत होता. कुणीही म्हणजे कोण? सही कुणाची? शिक्का कुठे? माझं ओळखपत्रसुद्धा कुणी मागितलं नाही, याने मी फार गोंधळले.

शेवटी भाजीवालीबरोबर रिक्षाने तांड्यावर गेले. रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर मिळाली. भोवती बायका जमल्या. नकाशाने विचारलं, जागेचा प्रकार? दुकान, हॉटेल, शाळा, दवाखाना... तांडा कशातच बसेना. "दुकान म्हना," एक म्हणाली, "सगळ्यायची उधारी हायेच." बाकीच्या हसल्या. मी सामुदायिक केंद्र निवडलं. मग फोन नंबर विचारला, तिथे माझा लिहिला. मग उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ.

इथे माझी शाळा आडवी आली. हैदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटात कागदावर एकही रकाना रिकामा सोडायची सोय नव्हती. मी भाजीवालीला विचारलं, "तुम्ही उठता कधी?"

"सहाला चुली पेटत्यात. आठाला निजानीज."

सहा ते आठ असं मी लिहिलं आणि पाठवून दिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: धन्यवाद, तुमची माहिती स्वीकारली आहे. कुणी स्वीकारली ते लिहिलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, पहाटे पाचच्या सुमारास, मी चहाचं आधण ठेवत असताना फोन वाजला.

"हॅलो, मी रुग्णवाहिकेचा डायवर. हे दुकान हाय का वस्ती?"

"वस्ती. तांडा आहे."

"मंग लाल अक्षरात बंद काहून दाखवून राहिलं? सहाला उघडते म्हन्ते. मला वाटलं, परत भलतंच ठिकान. दहा मिनटं झाले, फाट्यावर उभा हाव."

"अहो, तांडा कधी बंद असतो का?"

"मंग हे लिहिलं कोनी?"

गॅसवरचं पाणी उकळत होतं. "मी," एवढंच म्हणाले.

मी त्याला पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, मग देवळापर्यंत सरळ, असं सांगत राहिले आणि समोरून बायकांचा आवाज येईपर्यंत फोन कानाला धरून उभी राहिले. चहाचं पाणी पार आटून गेलं.

सून वेळेत हिंगोलीच्या दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. पण ती दहा मिनिटं माझी होती, आणि तो नंबरही माझाच होता. नंबर दिला नसता तर? वेळ लिहिली नसती तर? रुग्णवाहिका माझ्यामुळे पोचली, की माझ्यामुळे थांबली? मी भाजीवालीला सगळं कबूल केलं. ती मेथीची जुडी मोजत म्हणाली, "गाडी आली ना? मंग झालं." मला तेवढ्याने पटलं नाही. वहीत ती शंका लाल शाईनेच आहे.

मी वेळ बदलून चोवीस तास केली. तीही कुणीतरी स्वीकारली. मग एके दिवशी तांड्याच्या नावाखाली तीन चांदण्या उमटल्या. पाचपैकी तीन. देणाऱ्याचं नाव अनोळखी. बायकांना वाचून दाखवलं तर त्या चिडल्याच. "कोन हाय तो? दोन काहून कापल्या?" "आमच्या हातची भाकर खाल्ली नसंल!" मी डोळे मिटून त्या ड्रायव्हरचा आवाज आठवून पाहिला, पण आवाजावरून काय कळणार?

आता अधूनमधून फोन येतात. लसीकरणाची गाडी, गॅसवाला, एकदा लग्नाला निघून वाट चुकलेली पाहुण्यांची जीप. मी टाकीपासून डावीकडे सांगते.

नकाशात तांडा अजून आहे. त्याखाली नंबर माझाच आहे. ती मुलगी आता चालते, आणि भाजीच्या टोपलीमागे माझ्या उंबऱ्यापर्यंत येते.