कडब्याच्या खोलीला लुगड्याचं छत

माझ्या सुनेनं परवा फेंगशुईचं एक पुस्तक आणलं. निजायची खोली कशी मांडली म्हणजे झोप शांत लागते आणि नवरा-बायकोत गोडी राहते, हे त्यात लिहिलंय. पलंगावर तुळई येऊ नये, पलंगासमोर आरसा नसावा, पलंगाखाली अडगळ नसावी. मोठ्यानं वाचून तिनं विचारलं, "आई, तुम्हाला हे माहीत होतं का?" मी म्हटलं, "पुस्तक माहीत नव्हतं. बाकी सगळं मी बहात्तरच्या दुष्काळात करून बसलेय." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. आयुष्यात मिरवण्यासारखं मी फार काही केलं नाही, पण ती एक खोली केली आणि तिचा तोरा मला अजून आहे.

लग्न होऊन मी नळदुर्गच्या अलीकडच्या एका खेड्यात आले. घरावर मातीचं माळवद आणि खाली खोल्या तीनच: एक स्वयंपाकाची, एक धान्याची, एक कडब्याची. माणसं सात. बायका चुलीच्या खोलीत निजायच्या आणि पुरुष माळवदावर, नाहीतर मारुतीच्या पारावर. कडब्याला स्वतंत्र खोली होती, नव्या जोडप्याला नव्हती. याचं कुणाला काही वाटतही नसे. माझ्या सासूबाईंचा सगळा संसार असाच झाला होता. त्यात चार लेकरं कशी झाली हे त्यांनाच ठाऊक.

पहिल्या वर्षात आमच्या दोघांचं जे काय बोलणं झालं ते पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर, खडी फोडता फोडता, तेही मुकादमाचा डोळा चुकवून. ह्यांचा आवाज मऊ आहे हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं.

त्या साली ज्वारी आलीच नाही. गुरं छावणीत गेली आणि संक्रांतीच्या सुमारास कडब्याची खोली पार रिकामी झाली. ती बघून घरातले सगळे कपाळाला हात लावायचे. मला मात्र तिथं बाज दिसायला लागली. हे सांगताना आजही थोडी लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. धीर करून विचारलं, "आत्या, ती खोली आमाला द्या की."

 "कडबा येईस्तोवर घ्या," म्हणाल्या. "कडब्याची पहिली गाडी दारात आली की रिकामी करायची. कबूल?"

"व्हय," मी म्हटलं.

मग मी कंबर कसली. उंदरांची बिळं बुजवली, दोन इंगळ्या मारल्या. सारवायला शेण नव्हतं, कारण गोठाच ओस पडला होता. म्हणून कामावरून येताना छावणीकडं वळायचे आणि पाटीभर शेण डोक्यावर घेऊन यायचे. भिंतींना पांढरी माती द्यायची तर पाणी हवं. पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही मी घेतला नाही. भांडी विसळलेलं पाणी साठवलं आणि त्यात माती कालवली. चार दिवस भिंतींना कालवणाचा वास येत होता, पण खोली अशी उजळली की नणंद सारखी दारातून डोकावून जायची.

बाज ह्यांनी केली. बाभळीचं लाकूड आणि केकताडाची, म्हणजे घायपाताची दोरी. अंगणात बसून, चांगली दोघांना पुरेल एवढी रुंद विणली आणि मग ती दारातून आत जाईना. आडवी केली, तिरकी केली, उभी केली. शेजारपाजार जमला. पलीकडची म्हातारी म्हणाली, "एवढी रुंद कशाला रं बाबा? समदं गाव निजवतूस का काय?" हे कानापर्यंत लाल झाले आणि बाज तिथंच टाकून निघाले. माझा राग मस्तकात गेला. चारचौघांत म्हटलं, "जाताव कुठं? दोरी सोडा, चौकटीची गातं काढा, आत नेऊन पुन्हा विणा." नवऱ्याशी एवढ्या मोठ्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलले. त्यांनी मुकाट्यानं दोरी सोडली.

आता बाज लावायची कशी? आत्या उंबऱ्यावर उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "उशी दक्षिणंला करा. पाय दाराकडं नगं." माझ्या आईनं दिलेला आरसा मी हौसेनं समोरच टांगला होता. "निजल्या माणसाला आरसा दावू नगं," म्हणाल्या. मी तो दाराशेजारी लावला. बाजेखाली सरकवलेली फुटकी घागर त्यांनी स्वतः उचलून बाहेर ठेवली. त्यांचं ऐकायला माझं काही जात नव्हतं. पण एवढं सगळं पाळल्यावर बाजेला जागा उरली ती नेमकी तुळईखाली.

इथं माझी फजिती झाली. खोलीची जमीन मी झाडली होती, भिंती झाडल्या होत्या. वर मात्र हात लावला नव्हता. माळवदाच्या लाकडांना खरडलं तर वरची माती सुटते, म्हणून वर कुणी हात लावत नाही. कडब्याचा कित्येक वर्षांचा भुसा त्या लाकडांच्या फटीत बसला होता. हे पाठ टेकायचे आणि वरून तो चाळणीतून पडल्यासारखा पडायचा. शिंका सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. डोळे लाल, नाक लाल. आठव्या दिवशी ह्यांनी वाकळ काखेत मारली. "जीव गुदमरतोय गं आत. जाऊ दी ती खोली," म्हणाले आणि पुन्हा माळवदावर निजायला गेले.

मी भिंतीला टेकून रडले. एवढं शेण वाहिलं ते कशासाठी?

आत्यांनी ते पाहिलं.  धान्याच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली आणि त्यांचं लग्नातलं हिरवं नऊवारी लुगडं आणून माझ्या मांडीवर टाकलं. "दोन भाग करून जोड आणि वर बांध."

"आत्या, हे तुमच्या लग्नातलं हाय."

"मग? पेटीत ठिवून काय करू? लई वरसं घडीतच हाय."

मी ते मधोमध फाडलं. कडेला कडा शिवून चारी कोपऱ्यांना खुंट्या मारल्या आणि लुगडं ताणून बांधलं. तुळई झाकली गेली, भुसा पडायचा थांबला. सकाळी माळवदाच्या साण्यातून, त्या उजेडाच्या भोकातून, ऊन आलं की सगळी खोली कोवळ्या पिकासारखी हिरवी व्हायची. हे परत आले. खडी फोडून आलेली आम्ही दोघं धुळीची माणसं त्या बाजेवर बसून बोलायचो. काय बोलायचो ते विचारू नका. एवढं सांगते की त्या दुष्काळात मी सुखी होते.

पुढच्या साली पाऊसपाणी चांगलं झालं. गावात दूध सोसायटी निघाली, सासऱ्यांनी दोन म्हशी आणल्या. ज्वारी काढली आणि एका दुपारी कडब्याची पहिली गाडी दारात उभी राहिली. शब्द तो शब्द. मी वाकळा गुंडाळून ठेवल्याच होत्या. बाजेवर चढून लुगड्याची गाठ सोडायला लागले. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं केलं होतं.

"काय करतीस गं?" मागून आत्यांचा आवाज आला.

"कडबा आलाय, आत्या."

सासरे दारातून म्हणाले, "बिगीबिगी करा. कडबा भिजला तर म्हशींला काय घालायचं? डेरीत काय पाणी न्यायचं?"

आत्या बाजेपाशी आल्या आणि वर बघत राहिल्या. मग सासऱ्यांकडं वळल्या. "माझं लुगडं म्या ह्या दोघांवर घातलंय, कडब्यावर न्हाय. गाडी फिरवा. खळ्यात गंज लावा आन् वर गवत शाकारा."

सासऱ्यांनी वर पाहिलं. लग्नातलं ते लुगडं त्यांनी त्या क्षणी ओळखलं असावं. त्यांनी बैलांचे कासरे धरून गाडी वळवली.

मी गाठ अर्धी सोडली होती, ती पुन्हा घट्ट बांधली.